पोटातला क्षय आणि पोटाचा प्रश्न

बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगलापासून सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता आजच्या भारतीय भांडवलशाहीचे एक दर्शनी दालन आहे. त्याच्या एका टोकाला सेंट जॉन्स हे नामांकित वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. पुढे दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो कंपनीचे मुख्यालय लागते आणि त्याच्याही पुढे जिकडे पाहावे तिकडे गगनचुंबी निवासी संकुले उभी राहिलेली अथवा उभी राहत असलेली दिसतात. ही संकुले ज्यांच्या हातांनी उभी राहतात ते हात मात्र या दालनात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. पत्र्याच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहणाऱ्या या माणसांत बिहारचे, बंगालचे, ओरिसाचे कामगार आहेत. त्याचप्रमाणे कलबुर्गी, बिदर, बेळगाव या सीमाजिल्ह्यांतून व सोलापूर-सांगलीकडून आलेले आपले मराठी भाषिक गवंडी, बिगारी आणि फरशीकामगारही आहेत.

प्रस्तुत लेखकाचे काम अनुवादाचे. बांधकाम कामगारांसाठी क्षयरोगाविषयीचे एक पत्रक मराठीत उतरवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर आली आणि ते घेऊन तो या रस्त्यावरील कामगारांच्या एका रविवारच्या बैठकीस गेला. पत्रकात पहिलीच ओळ होती ती सर्वांच्या परिचयाची : दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. वाचन संपल्यावर मागे बसलेला एक फरशीकामगार हळू आवाजात म्हणाला, ''साहेब, मला तर एक दिवसही खोकला नव्हता. माझा क्षय पोटात होता. तो कुठं लिहिलाय ह्या कागदात?''

कागदात तो कोठेही नव्हता. या साध्या प्रश्नाला देता येण्याजोगे उत्तर त्या दिवशी लेखकाजवळही नव्हते. पुढील विवेचन म्हणजे ते उत्तर देण्याचा उशिराने केलेला प्रयत्न होय.

एका आजाराची वाटचाल

त्या कामगाराची ओळख पटेल असे काहीही येथे लिहिलेले नाही. त्याची हकीकत मात्र त्याच्याच संमतीने सांगत आहोत, कारण ती त्याच्या एकट्याची नाही. तीन महिने त्याच्या पोटात उजव्या बाजूस खाली दुखत होते. संध्याकाळी बारीक ताप येई, जेवण जात नसे, मधूनच जुलाब होत आणि अंगावरचे कपडे दिवसेंदिवस सैल होत चालले होते. औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन तो कामावर जात राहिला. कारण खाडा झाला की मजुरी बुडते आणि चार खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस आणतो. अखेर वेदना असह्य झाल्या तेव्हा त्याला एका खाजगी इस्पितळात नेण्यात आले. आंत्रपुच्छाचा दाह असावा असे अनुमान काढून शस्त्रक्रियेची तयारी झाली आणि त्याला न विचारताच त्याचे रक्त तपासण्यात आले. तपासणीत एच.आय.व्ही. आढळताच शस्त्रक्रिया राहिली बाजूला. ''येथे सोय नाही'' असे सांगून त्याला रिक्षात बसवण्यात आले. दुसऱ्या एका रुग्णालयात पोचेपर्यंत आतड्याला छिद्र पडून पोटात पू पसरला होता. तेथील डॉक्टरांनी रात्रभर झटून त्याला वाचवले. आज तो जिवंत आहे, एच.आय.व्ही.ची औषधे नियमित घेत आहे आणि क्षयातून बरा झाला आहे. परंतु आतड्याचा एक तुकडा गेला, बायकोचे डोरले गेले, गावच्या सावकाराचे कर्ज झाले आणि जड ओझी उचलण्याचे काम कायमचे सुटले.

या माणसाच्या शरीरात नेमके काय घडले हे समजून घेणे आवश्यक आहे. रोगाचे विज्ञान ही तज्ज्ञांची खाजगी मालमत्ता नव्हे. जो रोग भोगतो त्याला ते समजण्याचा पहिला अधिकार आहे.

क्षयाचा जंतू बहुधा श्वासावाटे फुप्फुसात शिरतो आणि निरोगी शरीराची प्रतिकारशक्ती त्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवते. एच.आय.व्ही.चा विषाणू नेमका या पहारेकऱ्यांवरच, म्हणजे रक्तातील सी.डी.४ पेशींवर, हल्ला चढवतो. पहारा ढिला झाला की कोंडलेला जंतू सुटतो आणि रक्तावाटे व लसिकावाहिन्यांवाटे शरीरात पसरतो. म्हणूनच ज्यांना एच.आय.व्ही. नाही अशा क्षयरुग्णांत फुप्फुसाबाहेरील क्षयाचे प्रमाण साधारणतः पाचात एक किंवा त्याहून कमी असते, तर एच.आय.व्ही. बळावलेल्या रुग्णांत ते निम्म्यावर जाऊ शकते. पोटात हा क्षय अनेक जागी ठाण मांडतो. आतड्याच्या पडद्यातील गाठी सुजून त्यांचे पुंजके बनतात. यकृतात व प्लीहेत बारीक बारीक गळवे होतात. उदरावरणाला दाह होऊन पोटात पाणी साठते. या जलोदराला दारूचे वा यकृताचे दुखणे समजून कित्येकदा भलतेच उपचार होत राहतात. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते त्या सांध्यावर तर क्षयाचा विशेष रोख असतो. तेथे व्रण होतात, व्रण भरताना आतडे आकसते, वाट अरुंद होते आणि एके दिवशी ती पूर्ण बंद पडते. कधी व्रण आरपार जाऊन आतडे फुटते. या दोन अवस्थांत सुरीवाचून गत्यंतर उरत नाही.

परंतु ही अखेरची अवस्था आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वेळीच निदान झाले तर पोटाच्या क्षयाच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. नेहमीची, शासनाकडून मोफत मिळणारी औषधे सहा महिने नियमित घेतली तर रोग बरा होतो. आतड्याच्या अरुंद झालेल्या वाटाही पुष्कळदा औषधांनीच मोकळ्या होतात. मग प्रश्न उपस्थित होतो तो असा : गोळ्यांनी बरा होणारा रोग शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत पोचतोच कसा?

निदान का चुकते?

एक कारण वैद्यकीय आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पोटाचा क्षय फसवा असतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाच्या थुंकीत जंतू सापडत नाहीत, छातीचे क्ष-किरण चित्रही कित्येकदा स्वच्छ येते. पोटातील पाण्याच्या किंवा आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीत आधुनिक रेणवीय चाचण्याही वारंवार नकारात्मक निघतात. त्यामुळे चाचणी नकारात्मक आली म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. आतड्याचा दीर्घकालीन दाह, कर्करोग, लसिकाग्रंथींचे अर्बुद यांच्याशी त्याची गल्लत होते. शिवाय एच.आय.व्ही.ची औषधे सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती परत येऊ लागते तेव्हा काही रुग्णांत दबलेला क्षय एकाएकी उसळतो, गाठी वाढतात, ताप चढतो, क्वचित आतडेही अडते. रुग्णाला वाटते की औषधानेच घात केला आणि तो औषध सोडतो. वास्तविक अशा वेळी औषध सोडायचे नसते, डॉक्टरकडे धाव घ्यायची असते. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध एच.आय.व्ही.वरील डोल्युटेग्रॅविर या औषधाचे रक्तातील प्रमाण घटवते, म्हणून त्या काळात डोल्युटेग्रॅविर दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावे लागते. या सर्व गोष्टी जाणणारा डॉक्टर, त्या समजावून सांगणारा समुपदेशक आणि अखंड औषधपुरवठा, या तिन्हींवर रुग्णाचे जीवित अवलंबून असते.

परंतु वैद्यकीय कारण हे अर्धेच सत्य होय. एच.आय.व्ही. असलेल्यांसाठी क्षयाची चौकशी खोकल्यापुरती ठेवू नये. खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांपैकी एकही लक्षण आढळल्यास पुढील तपास करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आपल्या फरशीकामगाराला यांपैकी दोन लक्षणे तीन महिने होती. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांसाठी लघवीवर करावयाची एक साधी चाचणी याच संघटनेने २०१५ मध्ये पुरस्कारली. साध्या सोनोग्राफीत सुजलेल्या गाठी, प्लीहेतील गळवे आणि पोटातील पाणी दिसू शकते. साधने अस्तित्वात आहेत. मात्र ज्या रस्त्यावर संगणकाच्या पडद्यावरून साऱ्या जगाचे व्यवहार हाकले जातात त्याच रस्त्यावर बिगाऱ्याच्या पोटाची सोनोग्राफी त्याच्या मजुरीच्या हिशेबात बसत नाही. सरकारी रुग्णालयात ती मोफत असेल तर रांगेत दिवस जातो, आणि दिवस जाणे म्हणजे मजुरी जाणे. निदानाला लागणारा विलंब केवळ जंतूच्या लबाडीने होत नाही. तो समाजाच्या रचनेत आहे.

बंगळूरचा विसरलेला धडा

ही गोष्ट बंगळूरला नवी असू नये. राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ मध्ये याच शहरात स्थापन झाली. तिच्याच संशोधनातून १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आकारास आला. या संस्थेतील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही प्रत्येक आरोग्यमंत्र्याने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. खेड्यातील माणूस अडाणी असतो, त्याला रोगाची जाणीव नसते, म्हणून तो दवाखान्यात येत नाही, असा त्या काळी सरकारी समज होता. या अभ्यासाने तो खोटा ठरवला. बहुसंख्य क्षयरुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. सुमारे निम्मे तर उपचारासाठी सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते, आणि त्यांपैकी बहुतेकांची बोळवण खोकल्याच्या औषधाची बाटली हातात देऊन करण्यात आली होती. दोष रुग्णाच्या अज्ञानात नव्हता, दवाखान्याच्या दारात होता.

साठ वर्षांनंतर बाटलीच्या जागी आम्लपित्ताची गोळी आली. याहून अधिक काय बदलले, असा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

आकडे पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १२ लाख ५० हजार माणसे क्षयाने मरण पावली. त्यांत १ लाख ६१ हजार एच.आय.व्ही.ग्रस्त होती. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. देशात एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख असून त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. २०२५ सालापर्यंत क्षयाचे निर्मूलन करू, अशी घोषणा पंतप्रधानांनी मार्च २०१८ मध्ये दिल्लीत केली होती. ते साल उजाडले. क्षय गेला नाही. उलट २०२३-२४ मध्ये क्षयाच्या मूलभूत औषधांचाच ठिकठिकाणी तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक बाजारातून औषधे खरेदी करण्यास सांगितले. त्यापूर्वी जुलै २०२२ मध्ये एच.आय.व्ही.च्या औषधांचा तुटवडा झाला म्हणून रुग्णांनीच दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात महिन्याहून अधिक काळ धरणे धरले. निर्मूलनाच्या घोषणा व्यासपीठावरून होत होत्या आणि औषधाची डबी रिकामी होती!

औषध स्वस्त झाले ते कोणाच्या कृपेने?

काही सुखवस्तू मंडळी म्हणतात की आता तर सर्व औषधे मोफत मिळतात, मग तक्रार कसली? त्यांना या मोफत औषधामागील इतिहासाची आठवण करून दिली पाहिजे. भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळला. पुढे जीव वाचवणारी औषधे निघाली, पण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी त्यांची किंमत माणशी वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक ठेवली होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. हे शक्य झाले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषध या वस्तूवरील मक्तेदारी नाकारली होती. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाला. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली पेटंट कायदा बदलण्यात आला. त्या वेळी संसदेतील डाव्या पक्षांनी आग्रह धरला म्हणून जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट उकळण्यास आळा घालणारे कलम आणि पेटंट मिळण्यापूर्वीच हरकत घेण्याचा अधिकार कायद्यात राहिला.

तो अधिकार कागदावर राहिला नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना आतड्याचा क्षय दोनदा झाला आणि उपचारातील इंजेक्शनांमुळे २०१३ मध्ये त्यांची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही तीच कथा. या दोघींनी बेडाक्विलिन या प्रतिरोधी क्षयावरील औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्यास हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा अर्ज फेटाळला. क्षयाने ऐकू येईनासे केलेल्या दोन स्त्रियांचा आवाज मक्तेदारीला ऐकावा लागला. मोफत गोळी म्हणजे शासनाने टाकलेली भीक नव्हे. ती लढ्याची कमाई आहे. लढ्याची कमाई लढ्यानेच राखावी लागते.

दया नव्हे, हक्क

सर्जापूर रस्त्यावरच, कार्मेलरामच्या बाजूला, कॅमिलियन धर्मसंघाचे 'स्नेहदान' हे केंद्र नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एच.आय.व्ही.ग्रस्तांची शुश्रूषा करीत आले आहे. ज्या काळी आप्तेष्टांनीही पाठ फिरवली त्या काळी अशा संस्थांनी दार उघडे ठेवले, याबद्दल त्यांच्याविषयी आदरच व्यक्त केला पाहिजे. परंतु एखाद्या धर्मसंघाची करुणा ही शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही.

कायदाही आता हेच सांगतो. २०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. संमतीवाचून तपासणी करणे आणि एच.आय.व्ही. आहे म्हणून उपचार नाकारणे, या दोन्ही गोष्टींस त्याने मनाई केली आहे. तक्रारीसाठी राज्यांनी लोकपाल नेमावा अशी तरतूद आहे. आमच्या फरशीकामगाराच्या बाबतीत या दोन्ही मनाया एकाच सकाळी मोडल्या गेल्या आणि असा कायदा आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. कायद्याची भाषा ज्याच्यासाठी कायदा आहे त्याच्या भाषेत पोचली नाही, तर तो कायदा कोणाच्या उपयोगाचा?

येथे थोडी आत्मपरीक्षाही केली पाहिजे. मजुरी, बोनस, कपात यांवर आपल्या संघटना तळमळीने बोलतात, पण एच.आय.व्ही.चे नाव निघाले की आपलेही कार्यकर्ते आवाज खाली आणतात. हा रोग 'वागणुकीचा' आहे, ही मध्यमवर्गीय कुजबुज आपल्यातही शिरली आहे. घरापासून शेकडो मैल दूर, कुटुंबाविना, पत्र्याच्या खोलीत माणसाला वर्षानुवर्षे राहावयास लावणाऱ्या व्यवस्थेला कोणी वागणुकीचे प्रमाणपत्र मागत नाही. ते मागितले जाते आजारी बिगाऱ्याकडे आणि गावी नवऱ्याकडून संसर्ग घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोकडे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच देह ठेवेपर्यंत जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. त्यांच्यापूर्वी त्याच भूमीवर झिजून मेलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून स्वतः क्षयरोगी होते आणि श्रीमंताचा क्षय वेगळा, गरिबाचा क्षय वेगळा, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. ज्या परंपरेत अशी माणसे होऊन गेली त्या परंपरेने एका रोगाच्या नावाला लाजावे, हे शोभणारे नाही.

मागण्या कोणत्या?

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. एच.आय.व्ही.च्या प्रत्येक उपचार केंद्रात ताप, वजनातील घट किंवा पोटदुखी असलेल्या रुग्णाची लघवीची चाचणी व सोनोग्राफी मोफत आणि विनाविलंब झाली पाहिजे. बेळगावात किंवा सोलापुरात नोंदलेल्या कामगाराला बंगळूरमध्ये औषध मिळताना कागदपत्रांसाठी परत गावी धाडता कामा नये. काम जेथे, औषध तेथे. दोन्ही रोगांच्या औषधांचा पुरेसा राखीव साठा प्रत्येक राज्यात असला पाहिजे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला तो कामगारांच्या कल्याणासाठी. क्षयाच्या उपचाराच्या काळातील बुडीत मजुरी त्यातून मिळाली पाहिजे. पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम २०१८ मध्ये ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. पण ती वेळेवर मिळावी आणि तिच्या जोडीला कुटुंबाला धान्यही मिळावे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरुग्णाच्या घरच्यांना पुरेसे अन्न दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. अन्न हेही औषध आहे, हे कष्टकऱ्याला कोणी शिकवावयास नको होते. शासनाला मात्र ते प्रयोगाने सिद्ध करून दाखवावे लागले.

आणि एक लहानशी मागणी आपली आपल्याकडेच. त्या पत्रकाची दुसरी आवृत्ती काढताना प्रस्तुत लेखकाने खोकल्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ घातली आहे : ताप, वजनात घट आणि पोटात सतत दुखणे, हाही क्षय असू शकतो, एच.आय.व्ही. असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि उपचार नाकारला गेला तर संघटनेकडे या. हे पत्रक प्रत्येक शाखेने आपल्या भागातील बांधकामांवर वाटावे आणि केवळ वाटू नये, वाचून दाखवावे. मागे बसलेला कोणीतरी हळू आवाजात प्रश्न विचारील. त्याला उत्तर देण्याची तयारी ठेवूनच जावे.